एवढासाच ताप

"मौसमी है भिया, निकल जाएगा," असं म्हणत दादा ताप आलेल्या माणसाच्या मानेला हाताची उलटी बाजू लावून बघायचे. मग खिशातली पॅरासिटामॉलची पट्टी काढून एक गोळी त्याच्या हातावर ठेवायचे आणि मशीनकडे वळायचे. त्यांची तपासणी तेवढ्यावर संपायची. तुमच्याही कारखान्यात नाहीतर ऑफिसात असा एक माणूस असेल. त्याला स्वतःला कधी काही होत नाही, आणि म्हणून दुसऱ्याचं दुखणंही त्याला फार मोठं वाटत नाही. मनाने तो वाईट नसतो.

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनतात. दादा तिथे मेंटेनन्स बघायचे आणि मी क्वालिटीत होते. मी धुळ्याहून नवीनच आले होते, इंदूरमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. दादांनी एकदा माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, "मॅडम, मराठी ना तुम्ही? रविवारी घरी या. फक्त आमची मराठी ऐकून हसायचं नाही."

त्यांचे पणजोबा इंदूर संस्थानच्या फौजेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. अन्नपूर्णा भागात दादांचं दोन खोल्यांचं घर होतं. मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. कारखान्यात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्या बायकोला मात्र मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणाले. काकूंना दमा होता. बोलता बोलता त्या थांबायच्या, ओट्यावरचा पंप तोंडात घ्यायच्या आणि जिथे सोडलं होतं तिथून वाक्य पुढे न्यायच्या. दादा त्या वेळात मुकाट्याने कढईतले पोहे परतायचे. मला ते बघायला आवडायचं.

त्या वर्षी कंपनीने फ्लूच्या लसीचं शिबिर ठेवलं. घरच्यांनाही आणता येणार होतं. दादांनी नकार दिला. पॅकिंगमधल्या एकाचा लस घेऊन दंड सुजला होता आणि अंग थोडं गरम झालं होतं, तेवढं त्यांना पुरलं. "चांगल्याभल्या माणसाला सुई लावून बीमार करायचं? ही कोणती समजदारी, मॅडम?"

रविवारी काकूंनी विषय काढला. "तुम्ही तरी सांगा यांना. आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. म्हणाले, तुमच्या छातीला फ्लू झेपणार नाही, दोघंही घेऊन टाका. हे बाहेरून आणतील तर मलाच लागेल ना."

मी सांगितलं. दादा हसले. "मी कधी बीमार पडलो का? मग आणू कुठून?" काकूंनी पंप उचलला तसं ते जरा नरमले. "बरं, दिवाळीनंतर जाऊ. आता लेक येणार, फराळाचं करायचं, त्यात हिचा हात दुखत बसला तर?"

दिवाळी झाली. मग मशीनचं मोठं काम निघालं. मग थंडी पडली आणि विषय राहून गेला. काकू एकट्या रिक्षाने जाऊन लस घेऊ शकल्या असत्या. पण त्या घरात दवाखान्याचं काम दादांबरोबरच व्हायचं, बाकी सगळी कामं काकू एकट्या करत असल्या तरी.

जानेवारीत कारखान्यात खोकला फिरू लागला. एका सकाळी दादा कानाला मफलर गुंडाळून आले, डोळे लाल. मी म्हटलं, "दादा, घरी जा." त्यांनी स्वतःच्याच मानेला हात लावून पाहिला. "थोडं अंग गरम आहे. होऊन जाईल." गोळ्या घेत त्यांनी तो आठवडा काढला. उभं राहवेना तेव्हा स्टूल ओढून बसायचे, पण रजा घेतली नाही. आठवडा संपेपर्यंत ते ठीक झाले आणि काकूंना ताप भरला.

काकूंना त्यांनी काढा दिला, वाफ दिली, गोळी दिली. स्वतःला जे पुरलं तेच सगळं दिलं. फोनवर मला म्हणाले, "हिला जरा जास्त आहे. पण माझं गेलं तसं जाईल." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. म्हणाले, "उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी काकूंना पंप ओढायलाही श्वास पुरेना, ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं.

मी पोचले तेव्हा त्यांना आत घेतलं होतं. दादा बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर काकूंची शाल होती. डॉक्टर म्हणाले, फ्लूच आहे, छातीत पसरलाय. फ्लूवरची वेगळी गोळी सुरुवातीलाच चालू झाली असती तर जास्त उपयोग झाला असता. लस घेतली होती का, असं त्यांनी विचारलं. दादांनी नकारार्थी मान हलवली. पुढचे काही दिवस काकू श्वासाच्या मशीनवर होत्या. मग गेल्या.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी जबलपूरला गेली आणि दादा कामावर आले. त्यानंतर ते एकच प्रश्न विचारत फिरायचे. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते, काही कागद आणायचे होते. दादांनी विचारलं, "सुई लावली असती तर वाचली असती का?" डॉक्टर म्हणाले, "असं सांगता येत नाही." घराजवळच्या डॉक्टरांना विचारलं, तेच, ज्यांनी दोनदा बजावलं होतं. म्हणाले, "धोका कमी झाला असता. पण वाचल्याच असत्या, असं कोणी छातीठोक सांगणार नाही." दादांना यातलं कोणतंच उत्तर घेऊन घरी जाता येईना. कोणी सरळ हो म्हटलं असतं, तर निदान त्यांना गुन्हा कबूल करून बसता आलं असतं.

कारखान्यात ते बदलले. कोणी शिंकलं तरी त्याला घरी पाठवायचे. मॅनेजर कुरकुरले, पण दादांना कोण सांगणार? एकदा एक ऑपरेटर अंगात ताप घेऊन उभा होता. दादांनी घरी जा म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "दादा, मौसमी है, निकल जाएगा।" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते त्याने दादांकडूनच ऐकलेलं होतं. दादांनी हात पुढे करून त्याचं मशीन बंद केलं. "घर में कौन-कौन है?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, माँ है, बीवी है, छोटी बच्ची है. "तो बाहर के कमरे में सोना," दादा म्हणाले. आवाज इतका कापरा होता की तो माणूस डबा उचलून निघून गेला.

पुढचं शिबिर आलं तेव्हा दादांनी लस घेतली. सुई टोचताना त्यांनी त्या तरुण डॉक्टरलाही विचारलं. त्याला मागचं काही ठाऊक नव्हतं. तो सहज म्हणाला, "काका, फ्लू लस घेऊनही होतो कधीकधी. पण बहुतेकांना हलका जातो."

दादांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. चहाच्या वेळी माझ्याकडे येऊन म्हणाले, "घेऊनही होतो म्हणे, मॅडम." मी त्यांच्या घरी गेले तरी तेच. "डॉक्टरच म्हणाला. घेऊनही होतो." त्या वाक्यावर त्यांचे काही महिने बरे गेले. दाढी वेळेवर होऊ लागली, पुन्हा डबा आणू लागले. मला वाटलं, सावरतायत.

थंडीत पुन्हा खोकला आला आणि दादा आजारी पडले. या वेळी त्यांनी लगेच फोन करून रजा कळवली. डॉक्टरांनी तपासणी करायला लावली, फ्लू निघाला. मी संध्याकाळी मास्क लावून खिचडीचा डबा घेऊन गेले. खिडक्या उघड्या होत्या, दादा खाटेवर टेकून बसले होते. डोळे थोडे ओढलेले, बाकी चेहरा ठीक होता.

"ताप किती आहे?" मी विचारलं.

"उतरला."

"मग बरं झालं की."

"काल थोडं अंग दुखलं. रात्री झोप लागली. आज सकाळी उठलो तर ताप नव्हता." मग म्हणाले, "सुई लावल्यावर एवढासाच आला, मॅडम. तोच फ्लू. एवढासाच."

मी म्हटलं, दादा, तुमची तब्येत वेगळी, काकूंना दमा होता. एका माणसाचा ताप बघून दुसऱ्याचं सांगता येत नाही, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हे सगळं खरं होतं आणि मी ते नीट समजावून सांगितलं. ते ऐकत होते की नाही ते कळलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते रडत होते, आवाज न करता. काकू गेल्या त्या दिवशी ते रडले नव्हते.

त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. मुलगी येऊन सामान बांधून त्यांना जबलपूरला घेऊन गेली. मी अधूनमधून फोन करते. "मजेत आहे, बेटा," म्हणतात आणि फोन लेकीकडे देतात.

मागच्या वेळी लेक म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. बाबा दरवर्षी आठवणीने लस घेतात. मला, ह्यांना, मुलांना, सगळ्यांना स्वतः घेऊन जातात, कोणाला टाळू देत नाहीत. पण घरी आले की खोलीत जाऊन बसतात. आईची आठवण येते का म्हणून विचारलं, तर काही बोलत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?"

लस घ्यायला दिवाळीनंतर जाऊ असं दादा म्हणाले होते, हे तिला ठाऊक नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं. मी विचारलं, "जेवतात ना नीट?"

"जेवतात," ती म्हणाली. "लशीच्या दिवशी नाही जेवत."