सरळ केसांचा शब्द

कामाच्या बाबतीत पार्लरवाली नाकावर माशी बसू द्यायची नाही. कुरळे केस सरळ करण्यात तिचा हातखंडा, आणि तो कसा, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगायची हौसही तितकीच. "केस म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या. शेजारशेजारच्या साखळ्यांनी एकमेकींचे हात जिथे धरलेत, त्यावर केसाचा आकार. पहिल्या औषधानं हात सोडवायचे, केस ताणायचा, दुसऱ्यानं नव्या जागी धरायला लावायचे." गिऱ्हाइकं बिचारी मान हलवायची, तीही जपून.

तिची धाकटी बहीण मोठ्या आजारातून उठली. औषधांनी गेलेले केस परत आले, पण सरळ गेले होते ते कुरळे होऊन आले.

"ताई, सोमवारपासून ऑफिस. मला पहिल्यासारखी कर. कुणी आजाराबद्दल विचारायला नको."

"एवढंच ना? झालं समज."

परक्या बाईला तिनं आधी एक बट तपासल्याशिवाय होकार दिला नसता. बहिणीला मात्र केसाला हात न लावताच शब्द दिला.

रविवारी दुकान बंद ठेवून तिनं कानामागच्या बटेला पहिलं औषध लावलं. धुताना बट ताणली गेली आणि अलगद हातातच आली. सुटलेले हात पुन्हा धरण्याइतकं बळ त्या नव्या केसांत नव्हतं. तिनं मूठ मिटली, पण समोर आरसा होता.

"दाखव," धाकटी म्हणाली.

"तुटले गं. सगळ्या केसांना लावलं तर..." पार्लरवालीला स्वतःचीच लाज वाटली.

"मग पहिल्यासारखी कधी दिसणार मी?"

"ठाऊक नाही. आता मुळातूनच वळून येतायत."

धाकटीनं एक बट ताणून सरळ केली आणि सोडली. ती गुंडाळून जागच्या जागी गेली. तिनं पुन्हा ताणली.

"हट्टी आहे."

"तुझीच आहे."

धाकटी हसली, मग थोडी रडलीही. पार्लरवालीनं सवयीनं पाण्याची बाटली आणि कंगवा उचलला, अन् परत ठेवला. ओला करून ताणलेला कुरळा केस खरी लांबी सांगत नाही. तिनं कोरडेच केस, एकेक वळण बोटांवर घेऊन कापले.

धाकटीनं आरशात मान वळवून पाहिली. "कुणी विचारलंच, तर काय सांगू?"

पार्लरवाली खांद्यावरचे केस झटकत राहिली.

"सांग, हौसेनं कुरळे करून घेतले होते. बहिणीला परत सरळ करता आले नाहीत."