छत्री खाली, वाडी वर

अन्याय झाला तो चाकणच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीत राहणाऱ्या बाईवर. गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. ती तेव्हा चुलीपुढे बसली होती आणि तिला काही कळलंही नाही.

तीन वर्षं ती ठेकेदारामार्फत एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर होती. ठेकेदाराचा नियम साधा: उद्याच्या शिफ्टचा मेसेज आदल्या संध्याकाळी ग्रुपवर येतो, सातच्या आत ‘हो’ लिहायचं. नाही लिहिलं तर नाव गेलं. वाडीत रेंज नाही. म्हणून बायकांनी आपली सोय केली होती. सात घरांचे फोन बाजाराच्या पिशवीत घालून रोज एकीने वरच्या, रेंज मिळणाऱ्या खिंडीत जायचं. कुणाचा गॅसचा ओटीपी, कुणाच्या पोरीच्या शाळेचा निरोप, आणि हिचा ‘हो’. तीन वर्षांत पिशवी एकदाही चुकली नाही.

त्या गुरुवारी मेसेज पाच दहाला आला आणि पिशवी चुकली, कारण वाडी जगाला जोडली गेली होती.

उपग्रह सोडल्याची बातमी मी संत तुकाराम नगरच्या चहाच्या टपरीवर पाहिली होती. आता डोंगरदऱ्यांत इंटरनेट, असं निवेदक सांगत होता आणि मीही खूश झाले होते, खोटं कशाला बोलू. पुढे एका कंपनीने त्या वाडीसाठी नेटची छत्री, म्हणजे डिश, दिली. त्याच गुरुवारी दुपारी उद्घाटनाला पाहुण्यांच्या गाड्या आल्या, त्या खालच्या गावापर्यंतच. पुढे तीन किलोमीटर पायवाट. मग छत्री ‘तूर्तास’ पंचायतीच्या छपरावर बसली. त्या गावात आधीपासून रेंज होती. वाडीतल्या बायकांना खाली बोलावून टाळ्या वाजवून घेतल्या, आजपासून तुमच्या घरात नेट, असं माइकवरून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. पिशवी खुंटीलाच राहिली.

शुक्रवारी सकाळी गेटवरच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

मी तेव्हा त्याच गेटवर पत्रकं वाटत होते; तिने तिथंच मला सगळं सांगितलं. माझे वडील कंपनीत होते तोवर युनियनची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत काय करायचं, हे मी तिथंच शिकले. रविवारी नवं पत्रक घेऊन मी वाडीत चढले. ‘छत्री वर आणा.’ खाली ठळक क्यूआर कोड: स्कॅन करा, सही नोंदवा.

तिने कागद उलटसुलट पाहिला. “ताई, ह्यो चौकोन कशानं वाचायचा?”

“फोनने.”

“रेंज न्हाई म्हनूनच कागद काढला न्हवं तुमी?”

शेजारीण पदरात हसली. “व्हय, ताईबी पंचायतीच्या छपरावरनंच बोलत्यात.”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. पाहुण्यांनी केलं तेच मी केलं होतं, फक्त हार न घालता. चौकोनावर काट मारली, वही काढली. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या प्रत्येक घराची सही नाहीतर अंगठा झाला.

सोमवारी आम्ही दोघी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेलो. लातूरकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, डोळे जागरणाने लाल. तो म्हणाला, “मॅडम, साडेसातला वर यादी द्यावी लागते. उत्तर नाही म्हणजे माणूस नाही. मी काय करू?”

“तो मेसेज उघडा. कुणाकुणाला पोहोचला ते दाखवा.”

त्याने उघडला. पोहोचलेल्यांच्या यादीत हिच्या नावापुढे शुक्रवार सकाळची वेळ होती, ती डोंगर उतरून रेंजमध्ये आली तेव्हाची. गुरुवारी सातच्या आत मेसेज तिच्यापर्यंत गेलाच नव्हता, आणि ते चार दिवस त्याच्याच फोनमध्ये लिहिलेलं होतं. त्याने फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “माझ्या आईचा फोनबी असाच लागत नाही. पाहायला पाहिजे होतं, मावशी. चुकलं.”

मंगळवारी तो स्वतः वरच्या साहेबाशी भांडला, हे मला नंतर कळलं. तिला परत घेतलं. पण नवीन कामगार म्हणून. नव्यांना तिथे हिरवी टोपी असते. अर्ध्या लाइनला जिने गाठ मारायला शिकवली, ती आज हिरवी टोपी घालून उभी आहे, आणि तिनेच शिकवलेल्या पोरी तिला काम दाखवताना खाली बघतात.

“टोपीचं काय न्हाई, ताई,” ती म्हणते. “तीन वर्सं पुसली त्याचं वाटतं.”

छत्री अजून पंचायतीवरच आहे. वही ग्रामसेवकाच्या टेबलावर आहे. पिशवी पुन्हा खिंडीत जाते.

तुमच्याही फोनमध्ये एखादा ग्रुप आहे, कामाचा, शाळेचा, सोसायटीचा, आणि त्यात तुमच्या हातात नावं आहेत. उत्तर आलं नाही म्हणून नाव कापण्याआधी मेसेज वेळेत पोहोचला का ते उघडून बघा. पोहोचला नसेल तर नाव राहू द्या आणि निरोप घेऊन माणूस पाठवा. याआधी असं नाव कापलं असेल, तर आज ते परत लिहा, जुन्या तारखेपासून.