पंगतीत जेवून आलेली साडी

अमरावतीच्या कुरिअरच्या दुकानात ती बाई मले एकदाच दिसली. ऑनलाइन साड्या विकणारी. अकोल्याहून परत आलेलं पार्सल तिनं तिथंच फोडलं अन् साडी नाकाले लावली.

"वरणाचा वास! पदरावर हळदीचा डाग! बाई लग्नात मिरवली, पंगतीत जेवली, अन् आता म्हणते रंग आवडला नाई. ऑनलाइनवाली कंपनीबी तिचंच खरं मानते. आता कोण घेईन ही, काका?"

सारे हासले, मीबी हासलो. ती मात्र डाग आत दाबून घडी घालत राह्यली.

माझी बायको चांगली साडी पुढच्या लग्नासाठी ठेवत आली, अन् घडी न मोडताच मेली. अकोल्याच्या त्या चोट्टीनं निदान नेसली तरी!