वत्सलाबाई आणि हवेतून पाणी काढणारे यंत्र

लोह्याहून लातूरला भौतिकशास्त्र शिकवायला आलो, तेव्हा प्रा. वत्सलाबाई जगदाळे विभागप्रमुख होत्या. माझ्या गावाकडच्या बोलण्याला मुले हसतील या धास्तीने मी पहिल्या तासाला नुसते पुस्तक वाचून दाखवले. मागच्या बाकावर बसलेल्या बाई नंतर म्हणाल्या, "घरी बोलता तसं शिकवा. पोरांना विषय कळला पाहिजे." दुसऱ्या दिवशी "पाणी तापून राहिलंय" म्हणालो. वर्ग हसला, पण ऐकूही लागला.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी रेणापूर तालुक्यातल्या एका शाळेविषयी लिहितो. तिथला प्रसंग आठवला की आजही मान खाली जाते.

निवृत्तीनंतर बाईंनी हवेतला ओलावा थंड करून त्याचे पाणी करणारे यंत्र जुळवले. मी मदतीला होतो. श्रावणात ते शाळेत बसवले. घागरी भरल्या, गावाने बाईंना साडी-नारळ दिला. "उन्हाळ्यातही पिण्यापुरतं पाणी मिळेल," असे बाईंनी सांगितले. हिशेब आम्ही दोघांनीच मांडला होता. त्या शब्दावर शाळेने उन्हाळ्यासाठीचा पाण्याचा टँकर नाकारला.

मार्चअखेर हवा कोरडी पडली. यंत्र दिवसभर वीज खाई, पण तांब्याही भरत नसे. आम्ही धावत गेलो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काशीबाई रिकाम्या पातेल्याशी बसल्या होत्या.

"बाई, तुमच्या भरवशावर टँकरला न्हाई म्हनलं. आता लेकरांला काय पाजू?"

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "लाइटचा घोटाळा झाला म्हणून सांगू का?"

"लाइट होती," बाई सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. "माझंच चुकलं. ओल्या हवेवरून कोरड्या हवेचा अंदाज बांधला." काशीबाईंनी तोंड फिरवले. मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

बाई तशाच तहसील कचेरीत गेल्या आणि टँकर मंजूर होईपर्यंत रोज जात राहिल्या. टँकर आला तेव्हा पाणी भरायलाही त्या उभ्या होत्या. काशीबाईंनी एक हंडा त्यांच्याकडे सरकवला.

आता नांदेड-लातूरकडचे तरुण ऊर्जेच्या, पाण्याच्या नव्या कल्पना घेऊन येतात. बाई कुणालाही हिणवत नाहीत. एवढेच विचारतात, "मे महिन्यात चालवून पाहिलं का?"

हा प्रसंग लिहू का, असे मी भीतभीतच विचारले. "लाज वाटते, बाई."

"मलाही वाटते. लिहा. नाहीतर आणखी कुणी असाच शब्द देऊन बसेल."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. अजून पुष्कळ यंत्रे यायची आहेत. गावात जाण्याआधी ती बाईंच्या नजरेखालून जायला हवीत.