नाकात दुर्बीण धरणारा तिसरा हात

पहिल्या भेटीत डॉ. विश्वंभररावांनी मला नाव विचारलं न्हाई. "हात पुढं करा," म्हणाले. हात थरथरत न्हाई एवढं बघून त्यांनी मला ऑपरेशनच्या खोलीत कामाला घेतलं. साहेबांना साठ वर्षं झाली. ह्या गौरव अंकात मोठी मंडळी बरंच लिहितील; मला लांबण लावायला जमत न्हाई. डोळ्यानं पाहिलं तेवढं सांगते.

साहेब नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन करीत. त्यांच्या दोन्ही हातांत हत्यारं, दुर्बीण धरायची मी. तासाभरात माझा खांदा भरून यायचा आन दुर्बिणीतून टीव्हीवर दिसणारं चित्र हलायचं. अशात बांगड्यावाल्या शबानाबी आल्या. नाकात आत फुगवटा होऊन उजव्या डोळ्यावर दाब आलेला, दिसणं रोज कमी होत चाललेलं. तिथं चित्र हलून चालणार नव्हतं.

तेव्हा परदेशी सामान नुकतंच मिळायला लागलं होतं. साहेबांनी दुर्बीण धरणारा यंत्राचा हात आणवला होता, पण तो पोटाच्या ऑपरेशनचा. पायाखालचं बटण दाबलं की वीतभर सरकायचा. नाकात वीतभर जागा कुठून आणायची? साहेबांनी परळीच्या सलीमभाई मेकॅनिकला शेजारी बसवून आतली चाकं बदलून घेतली. मग हात गव्हाच्या दाण्याएवढा सरकू लागला. मी म्हणलं, आधी भोपळ्यात घालून बघा.

"भोपळ्याला दुखलं तर तो सांगतो का, मावशी?"

असं म्हणून साहेब स्वतःच टेबलावर झोपले, पायाचं बटण हातात घेऊन.

यंत्र अडकलं आन एकदम उसळलं. साहेबांच्या नाकातून रक्त. सलीमभाईंनी सांधा खोलला, तर आत तेलात कालवलेलं हळदकुंकू. खंडेनवमीला आम्ही सगळ्यांनी मशीन पुजली होती. हार तर सलीमभाईंनीच आणलेला. साहेब कुणावर ओरडले न्हाईत. पूजा करा, पण कुंकू खोक्याला लावा, एवढंच म्हणाले. सांधा धुतला आन दुसऱ्या नाकपुडीत दुर्बीण घालून परत झोपले. मला लई राग आला, मी बोलले बी. ऐकतील तर साहेब कसले.

दुसऱ्या दिवशी शबानाबींचं ऑपरेशन झालं. चित्र केसभर हललं न्हाई. त्या शुद्धीवर आल्यावर साहेबांनी त्यांचा डावा डोळा झाकून बोटं दाखवली.

"बोटं ऱ्हाऊ द्या साहेब," शबानाबी म्हणाल्या, "तुमच्या नाकात कापूस काहून हाय, ते सांगा."

साहेब, दुसऱ्यावर वापरायची वस्तू आधी स्वतःच्या अंगावर घ्यायची तुमची खोड जाणार न्हाई, हे मला पक्कं माहीत हाय. म्हणून वैजनाथाकडं एकच मागते: ती खोड सोसंल असं धडधाकट अंग तुम्हाला शंभर वर्षं मिळू दे.