केसपेपरच्या कोपऱ्यातलं ‘फॅमिली कम्प्लीट’

“पिशवी ठेवून नुसती गाठ नाही का काढता येणार, मॅडम?” सुनंदानं विचारलं, तेव्हा मी तिचा केसपेपर लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, “मुलं किती?”

“दोन.”

“अजून हवंय?”

“नाही हो.”

“मग ठेवून करायचंय काय?”

“असू दे ना. माझी आहे.”

मी हसले. मुलुंडच्या माझ्या नर्सिंग होममध्ये असं कारण कोणी दिलं नव्हतं. केसपेपरच्या कोपऱ्यात मी ‘फॅमिली कम्प्लीट’ असं लिहिलं. आम्हा गायनॅक मंडळींची ही जुनी सवय. हे दोन शब्द पडले की गर्भपिशवी काढायचं जवळजवळ ठरलंच.

तेव्हाची मी म्हणजे कोटाला कडक इस्त्री, अक्कल मात्र धोब्याकडेच राहिलेली.

सुनंदा अडतीस वर्षांची, कुर्ल्याच्या एका शाळेत क्लार्क. पाळी दहा-दहा दिवस चालायची. डाग पडेल म्हणून बसमध्ये सीट रिकामी असली तरी उभी राहायची. कारण होतं फायब्रॉइड, म्हणजे पिशवीच्या स्नायूची गाठ. ही सहसा कॅन्सरची नसते. गाठ कुठे आहे त्यावर उपचार ठरतो. कधी गोळ्यांवर भागतं, कधी गाठीचा रक्तपुरवठा बंद करून ती सुकवतात. सुनंदाची गाठ पिशवीच्या आत, देठाला लोंबणारी, लिंबाएवढी. सोनोग्राफीत स्वच्छ लिहिलं होतं. अशी गाठ खालूनच बारीक दुर्बीण घालून काढतात. पोटावर टाका नाही. संध्याकाळी पेशंट घरी.

माझ्याकडे ती दुर्बीण नव्हती, हातही बसलेला नव्हता. घाटकोपरला माझी बॅचमेट नलू हे काम नेहमी करायची. एक फोन पुरला असता. पण फायनलला नलू माझ्यापुढे दोन मार्कांनी होती, आणि ते दोन मार्क मी पंधरा वर्षं पदराला बांधून फिरत होते. तिच्याकडे पेशंट पाठवायचा? मी?

बाहेर सुनंदाचा नवरा बसला होता. त्याला आत बोलावलं. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मॅडम,” तो म्हणाला. म्हणजे विचारलं त्याला आणि सही घेतली तिची. सही करताना तिनं पुन्हा विचारलं, “दुसरा काहीच उपाय नाही?”

“तुमच्या केसमध्ये हाच बरा,” मी म्हटलं.

ऑपरेशन झकास झालं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: एकच गाठ, बाकी पिशवी नॉर्मल. टाके काढायच्या दिवशी सुनंदानं विचारलं, “केवढी होती हो गाठ?”

“मोठी होती.”

“मग ठीक,” ती म्हणाली. तिला बरं वाटलं. मी रिपोर्ट फाइलमध्ये खाली सरकवला.

चार वर्षांनी माझीच पाळी बिघडली. तश्शीच गाठ, आतच. गुपचूप नलूकडे गेले. तिनं सोनोग्राफी बघितली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“फॅमिली कम्प्लीट ना गं तुझी? मग काढूनच टाकू की अख्खी. तू सगळ्यांना तेच सांगतेस म्हणे.”

मला राग आला. “नुसती गाठ काढ,” मी म्हटलं. नलूनं दुर्बिणीनं गाठ काढली. संध्याकाळी मी घरी चहा पीत होते.

त्या आठवड्यात सुनंदाचा जुना पेपर शोधला आणि फोन लावला.

“सुनंदा, तुमची गाठ लहान होती. नुसती तेवढी काढता आली असती. माझ्याकडे नाही, पण दुसरीकडे. मी पाठवलं नाही.”

पलीकडे शाळेची घंटा वाजली.

“मी विचारलं होतं तेव्हा.”

“हो.”

“दोनदा विचारलं होतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. परत कधी आली नाही. तिच्या शाळेतल्या बायका यायच्या, त्याही हळूहळू थांबल्या.

रिटायर होईपर्यंत ‘फॅमिली कम्प्लीट’ मी लिहीतच होते. ती माहिती लागते. फक्त त्याच्या वर आधी पेशंटला काय हवंय ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आणि आपल्याला जे येत नाही ते कोणाला येतं त्याचं नाव. याला दोन ओळी पुरतात. सुनंदाच्या पेपरवर अर्धं पान कोरं होतं.