डबा जाईल त्या देशाचा कायदा

जगातल्या कुठल्याही देशाने व्यापाराचा एखादा नियम बदलला, की त्या देशाच्या मंत्र्याच्या खालोखाल काळजीत पडणारा माणूस म्हणजे उरणचा माझा मामा. मामाचे दोन ट्रेलर आहेत. गोदामातून भरलेला डबा, म्हणजे साहेबलोक ज्याला कंटेनर म्हणतात तो, उचलायचा आणि बंदराच्या गेटात सोडायचा, एवढंच त्याचं काम. पंधराएक किलोमीटरचा रस्ता, त्यातही निम्मा वेळ रांगेत. डबा गेटात गेला की मामाचा त्याच्याशी संबंध संपला, असं सगळं जग समजतं. मामा समजत नाही. "डबा चाललाय जर्मनीला, न् मना जर्मनीचा कायदा ठाऊक नको?" असं तो विचारतो. या प्रश्नाला उत्तर आहे हे मला माहीत आहे, पण मामासमोर ते कधीच सुचत नाही.

मी बी.कॉम. आहे. आईकडच्या आणि वडलांकडच्या, दोन्ही घरांत मिळून पहिली पदवी माझी, आणि हे मी लाजून सांगत नाही. नोकरी एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे मालाचे कस्टमचे कागद करून देणाऱ्याच्या, ऑफिसात, त्यामुळे जगभरचे कायदे मला तोंडपाठ असणार, असा मामाचा ठाम समज. सकाळी दात घासताना फोन वाजतो. "पोरी, पोलंडचं काय झालं?" पोलंडचं काही झालेलं असतंच असं नाही. मामाला बातम्या मिळतात त्या फोनवरच्या व्हिडिओंतून. अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, तीही गेटाच्या रांगेत हॉर्नच्या कल्लोळात ऐकलेली. उरलेलं तो स्वतः जुळवतो. युरोपने जंगलतोडीच्या लाकडावर नियम आणला, तेव्हा खुर्च्या भरलेला डबा उचलायला मामाने नकार दिला. झाड कुठलं, कुणी तोडलं, हे गोदामवाल्याने लिहून द्यावं म्हणून अडून बसला. गोदामवाल्याने वैतागून "आंब्याचं, माझ्या सासऱ्यानं तोडलं" असं लिहून दिलं, तेव्हा गाडी हलली. पुढे युरोपनेच तो नियम पुढे ढकलला, मग बदलला, मग परत ढकलला. मी सांगून सांगून दमले. मामा मात्र समाधानाने म्हणाला, "आपल्या ग्रामपंचायतीवाणीच हाय की त्यांचं."

लोखंड बनवताना किती धूर झाला त्याचा हिशोब युरोप मागू लागला, तेव्हा लोखंडाचा डबा लादला की मामा रांगेत इंजिन बंद ठेवू लागला. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, धूर कारखान्याचा मोजतात, आपला न्हाय." मामा म्हणाला, "आज न्हाय मोजत." अमेरिकेने लहानसहान पार्सलांची जकातमाफी काढली, तेव्हा मामी तिकडच्या भाच्याला सुक्या बोंबलांचं पुडकं पाठवत होती, ते त्याने कुरियरच्या दुकानातून परत आणलं. मामी कडाडली, "माझ्या दोन मूठ बोंबलांवर अमेरिका चालते काय?" यावर मामाने माझ्याकडे पाहिलं. मीही गोंधळलेली होते. तो नियम त्या महिन्यात नक्की कुठल्या अवस्थेत होता हे आमच्या साहेबांनाही सांगता आलं नसतं. शेवटी बोंबील आम्हीच खाल्ले.

पण एका नियमाने मामाची बडबडच बंद केली. कंपनीच्या कागदावर कुणाचंही नाव असो, तिच्यामागचा खरा मालक कोण ते सरकारला सांगा, असा नियम इंग्लंडने आधीच आणला होता, आता एकामागून एक देश आणत होते. मामा भर दुपारी आमच्या घरी आला, जेवायलाही तयार होईना.

"खरा मालक म्हंजे कोण गो, पोरी?"

"कागदावर एकाचं नाव असतं मामा, आणि मागे हक्क दुसऱ्याच कुणाचा असतो. तो."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

"तिकडे दंड होतो. काही ठिकाणी तुरुंगसुद्धा."

आई तिथेच वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मामाने तिच्याकडे पाहिलं नाही, एवढं मला आठवतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

पंधरा दिवसांनी मामाच्या बँकेची नोटीस आली. फर्मचं केवायसी नव्याने करा, शुक्रवारपर्यंत, नाहीतर खातं बंद. फॉर्मवर एक रकाना होता, 'खरा लाभार्थी मालक'. मामा आणि मामी दोघंच भागीदार, म्हणून मी ती दोन नावं लिहिली. मामाने पेन माझ्या हातातून घेतलं आणि खाली तिसरं नाव लिहिलं. माझ्या आईचं.

इथे थोडं मागे जायला हवं. माझ्या जन्माआधी आईकडच्या आजोबांची मिठागरालगतची जमीन गोदामांसाठी गेली. पैसे मिळण्याआधी बहिणींनी हक्कसोड करायची, हा आमच्याकडचा रिवाज. बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडला, अशा कागदावर रजिस्ट्रारसमोर सही. साडी मिळते, जेवण होतं. सही न करणाऱ्या बहिणीला माहेरी मग पाणीही कुणी विचारत नाही. आईने सही केली. त्या पैशांतून पहिला ट्रेलर आला. आमच्या घरात यावर कधी कुणी वाईट बोललं नाही. आई तो दिवस कौतुकाने सांगते, कारण सही झाल्यावर दादूसने, म्हणजे मामाने, तिला बाजारात नेऊन आईसक्रीम खिलवलं होतं, तिच्या आयुष्यातलं पहिलं.

बी.कॉम. म्हणून मला ठाऊक होतं की त्या रकान्याचा अर्थ हा नव्हे. पण तिची मुलगी म्हणून मी फॉर्म तसाच मामाच्या हातात दिला.

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म पाहिला. "या बाईंचा फर्ममध्ये हिस्सा किती?"

"कागदावर कायच न्हाय," मामा म्हणाला.

"मग त्या मालक कशा?"

"कागदावर न्हाय म्हणून तर लिवलंय. इंग्लंडमधी हाच कायदा हाय."

"काका, हे उरण आहे."

प्रकरण मिटावं म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, मामा, अमेरिकेने तर हा नियम आपल्या देशातल्या कंपन्यांपुरता काढूनही टाकलाय.

"काढला?" मामा म्हणाला. "त्यांना बहिणी नसतील."

मॅडमनी सरळ सांगितलं, नाव खोडा, नाहीतर भागीदारीचा कागद बदलून आणा. मामाने फॉर्म उचलला आणि निघाला. शुक्रवार गेला. खातं बंद पडलं, डिझेल मिळेना, दोन्ही ट्रेलर खाडीकडेला उभे राहिले. गोदामवाले दुसऱ्या गाड्या बघू लागले. मामी म्हणाली, "आता इंग्लंडकडून मागव डिझेल." पण एक नाव खोडून सुटणारी गोष्ट मामा करेना, आणि मामीनेही, नवल म्हणजे, त्याला खोडायला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मामा स्टॅम्पपेपर घेऊन आमच्या घरी आला. तिघांची भागीदारी, सारखे हिस्से. त्याची सही झालेली, मामीची झालेली. आईने कागदाकडे पाहिलं आणि हात पदराला पुसून मागे घेतला.

"एकदा सही केली ती पुरे, दादूस."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. मामा टोपी काढून गुडघ्यावर फिरवत बसला. मग म्हणाला, "तवा मी सांगितलं म्हणून केलीस. आता मी न्हाय सांगत, बाय. इंग्लंड सांगतंय."

आई माझ्याकडे वळली. "खरं काय गो? तू शिकलेली हायस."

तीन वर्षांच्या कॉलेजात इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. इंग्लंडचा कायदा उरणच्या ट्रेलरला लागू होत नाही. मला पक्कं माहीत होतं. मामा जमिनीकडे बघत होता.

"हो आई," मी म्हटलं. "नियम आहे तसा."

माझ्या पदवीवर मी खोटं बोलले ते तेवढंच. आईने पेन घेतलं. सातवीपर्यंतचं तिचं अक्षर, एकेक काना जपून उतरवला, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं. मग पेन मामाच्या हातात ठेवत म्हणाली, "आता आईसक्रीम कोण देतंय?"

त्याच आठवड्यात नव्या कागदावर बँकेने खातं उघडलं, ट्रेलर सुरू झाले आणि मामाचे सकाळचे फोन बंद झाले. पोलंड नाही, जर्मनी नाही. डबा कुठे चाललाय विचारलं तर म्हणतो, "बोटीवर चढला का झालं." इतकी वर्षं तो खरंच गोंधळलेला होता, की देशोदेशीच्या कायद्यांत काहीतरी शोधत होता, मला कळत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. मी मात्र अजून दात घासताना फोन खिडकीत ठेवते. मध्ये एकदा राहवलं नाही, मीच फोन लावला. "मामा, ते युरोपचं लाकडाचं परत बदललं म्हणे."

"बदलू दे गो," मामा म्हणाला. "बाय हाय का जवळ? तिला विचार, मोठ्या गाडीचे टायर बदलायचे हायेत. बदलू का?"